ऑगस्टमधले दहा दिवस

झाबेताला राग आला की ती बोलत नाही, भांडी घासते. ग्रीसमध्ये, पिरियस बंदराजवळच्या निकेआत एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं काढली आणि तिथल्या बायकांना तिचा पारा कळायचा तो पातेल्यांवरून. बुडाशी तोंड दिसायला लागलं की त्या दिवशी कुणी तिच्या वाटेला जात नसे. जूनच्या पहिल्या सोमवारी, निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना, तिने डाळीचं मोठं पातेलं असं काही घासलं की तिच्याबरोबर वीस वर्षं कांदे चिरणाऱ्या असिमिनाने लांबूनच विचारलं, "कुणाचा फोन होता गं?"

"माझ्या भावाचा," झाबेता म्हणाली. "मला माझ्याच घरात राहायला दहा टक्के सूट देतोय."

हा भाऊ म्हणजे झान्नीस. झाबेता आणि झान्नीस आमच्या सिफनॉस बेटाचे, वरच्या गावातले, मडकी करणाऱ्या बापाची पोरं. आमच्याकडे घर मुलीला जातं. मुलगा रान घेतो, बोट घेतो, पण घर मुलीचं. झान्नीसला समुद्राकाठचं खडकाळ रान मिळालं तेव्हा तो वर्षभर आईशी धड बोलला नव्हता, कारण त्या रानात शेळीही राहायला राजी नव्हती. आता तिथे त्याच्या चौदा खोल्या आहेत, पोहायचा हौद आहे आणि समुद्राकडे पाठ करून त्या हौदात डुंबणारी माणसं आहेत. माणसाने एवढ्यावर समाधान मानावं. पण समाधान मानणाऱ्यांत झान्नीस कधीच नव्हता.

आठ वर्षांपूर्वी झाबेताचा नवरा पान्तेलीस अंथरुणाला खिळला आणि इकडे बेटावर तिच्या घराचं छत गळायला लागलं. झान्नीस म्हणाला, "ताई, किल्ली माझ्याकडे दे. छत करतो, चुना काढतो, उन्हाळ्यात पाहुणे ठेवतो. तुला दर महिन्याला काहीतरी पाठवत जाईन. आणि ऑगस्टमधले दहा दिवस तुझे, त्याला कुणी हात लावणार नाही." झाबेताने किल्ली दिली. कागद केला नाही. सख्ख्या भावाशी कागद करायचा म्हणजे आईचा अपमान, असं तिला वाटलं. तिची चूक मोजायची तर ती एवढीच, आणि ती चूक आमच्या बेटावर निम्म्या बहिणींनी केलेली आहे.

पहिली दोन वर्षं दहा दिवस मिळाले. तिसऱ्या वर्षी सात. मग झान्नीस म्हणाला, "जुलैच्या सुरुवातीला येतेस का?" मग म्हणाला, "मे महिना किती छान असतो." गेल्या वर्षी, पान्तेलीस गेल्यानंतर, तिला त्याने आपल्या हॉटेलातली खोली दिली, कपडे धुण्याच्या यंत्रांशेजारची, आणि वर सगळ्यांना सांगत सुटला की बहीण माझ्याकडे फुकट राहते. झाबेता चार दिवसांत परत गेली. तिने काही म्हटलं नाही. नुकतंच माणूस गेलेलं, भांडायला अंगात बळ नव्हतं.

या वर्षी सोमवारच्या त्या फोनवर तो म्हणाला, "ऑगस्ट? अगं ताई, ऑगस्ट कुठला आता. नोव्हेंबरात ये की. हवा मस्त, गर्दी नाही, तुला हवे तितके दिवस राहा."

"नोव्हेंबरात वाऱ्याने चार-चार दिवस बोटी बंद असतात."

"बरं, मग ऑगस्टचंच बघायचं तर भावात काहीतरी करू. तू घरचीच आहेस. दहा टक्के."

या वर्षी मात्र गप्प बसून चालणार नव्हतं. आमच्या गावाच्या टोकाला देवमातेचं छोटं चर्च आहे. दर वर्षी पंधरा ऑगस्टच्या जत्रेला देवमातेची तसबीर एका घरातून दुसऱ्या घरात जाते. जिच्या किंवा ज्याच्या घरी ती जाते, ते वर्षभराचे यजमान. वर्षभर त्यांनी दार उघडं ठेवायचं. कुणीही येईल, दिवा लावेल, त्याला कॉफी आणि बशीत काहीतरी गोड द्यायचं. आणि पुढच्या जत्रेला जो येईल त्याला जेवायला घालायचं. कोण, कुठला, कशाला आलास, असं विचारायचं नाही. हा मान मिळायला यादीत नाव घालून माणसं वीस-वीस, तीस-तीस वर्षं थांबतात.

झाबेताची आई मारूसो आयुष्यभर ती तसबीर दुसऱ्यांच्या दारात शिरताना बघत आली. आमच्या गल्लीत सोळा घरं. पंधरा घरांत देवमाता राहून गेली. सोळाव्या घरी नाही, कारण मडकी विकून पोट भरणाऱ्याला गावजेवण झेपणार नाही असं गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि मारूसोला कुणी विचारलंही नव्हतं. नवरा गेल्यावर एकदा ती सरळ चर्चमध्ये गेली आणि यादीत मुलीचं नाव घालायला लावलं. पाद्रीबाबांनी नुसतं "झाबेता" लिहिलं, तर ती हटून बसली. "घर कुठलं तेही लिहा." मग त्यांनी लिहिलं: यजमानीण झाबेता, मारूसोच्या घरी. ते लिहून झाल्यावरच ती उठली. त्याच हिवाळ्यात ती गेली.

या गोष्टीला एकोणतीस वर्षं झाली आणि या ऑगस्टमध्ये तो नंबर आला होता. झाबेता सदुसष्ट वर्षांची. ही पाळी चुकली तर यादीच्या शेवटी जायचं. म्हणजे पुढची पाळी यायला शहाण्णव वर्षांची व्हायला हवी.

"तू दुसरीकडे खोली घे ना," असिमिना म्हणाली. "थांब, बघूया." आणि ओले हात एप्रनला पुसून तिने फोन काढला. फोनवर आधी आला तो एक लेख: स्वस्तात सिफनॉस, अकरा युक्त्या. चार दिवस बेटावर राहून गेलेल्या कुणा मुलीने लिहिलेला. असिमिना मोठ्याने वाचायला लागली. वेगवान बोटीने जाऊ नका, संथ बोटीच्या डेकवर बसा. पाणी बोटीवर विकत घेऊ नका. समुद्राकाठी राहू नका, वरच्या गावात जुनं घर घ्या. सातव्या युक्तीपाशी तिचा आवाज बारीक झाला.

"वाच," झाबेता म्हणाली.

"चौदा ऑगस्टच्या संध्याकाळी वरच्या गावात चर्चपाशी फुकट जेवण असतं. कुणी काही विचारत नाही. लवकर जा, हरभरे संपतात. डबा न्यायला विसरू नका."

झाबेता घासणी हातात धरून उभी राहिली. डबा! आमच्या बायका ते हरभरे दोन दिवस आधी निवडतात, मडक्यांत भरतात, भट्टीत रात्रभर मुरवतात, आणि ही बया जगाला सांगते, डबा न्या!

त्याच लेखात खाली एका घराची शिफारस होती. नाव: मारूसो आजीचं घरटं. असिमिनाला काही ठाऊक नव्हतं, तिने फोटो मोठा केला. "किती गोड घर आहे गं," असं म्हणून झाल्यावर तिने झाबेताचा चेहरा पाहिला.

आईची कणीक मळायची लाकडी परात. तिच्यात गुंडाळलेले टॉवेल. आई शेवटचे अठरा दिवस जिथे पडून होती त्या कोपऱ्यात पांढऱ्या जाळीचा पलंग, आणि खाली लिहिलेलं, नवविवाहितांसाठी खास. पूर्वेच्या भिंतीत दिव्याचा आणि तसबिरींचा कोनाडा होता, जिथे मारूसोने चाळीस वर्षं रोज संध्याकाळी दिवा लावला. त्या कोनाड्यात केस वाळवायचं यंत्र ठेवलेलं होतं.

या वेळी झाबेताने पातेलं घासलं नाही. तिने सरळ फोन लावला.

"कोनाड्यातलं ते यंत्र काढ."

"कुठलं? हां, ते. अगं तिथे प्लग आहे, ताई."

"देवमाता येणार आहे या वर्षी. मारूसोच्या घरी. ठाऊक आहे ना तुला?"

"मी तेच बोलणार होतो तुझ्याशी," झान्नीसचा आवाज मधाळ झाला. "तिला माझ्याकडे आणू. खाली, हॉटेलात. आत शिरल्या शिरल्या समोर संगमरवराची जागा करून घेतलीये. पाद्रीबाबांच्या कानावर घातलंय मी. एसी आहे."

"देवमातेला एसी लागतो?"

"तसबीर जुनी आहे गं, दमट हवेने लाकूड फुगतं. आणि आपलंच आहे की सगळं. तुझं काय, माझं काय."

"तुझं काय ते मला दिसतंय. माझं काय ते सांग."

"तू उगाच डोकं तापवून घेतेस. आई काय आता बघायला येणार आहे?"

हे वाक्य तो बोलून गेला. त्याची त्यालाच लाज वाटली असावी. झाबेता म्हणाली, "त्या गल्लीत आपलं सोडून पंधरा घरं आहेत आणि मला पंधराही घरांचे नंबर पाठ आहेत. प्रत्येकीला फोन करून सांगते, माझ्या भावाने देवमातेला कामाला ठेवलंय, हॉटेलच्या दारात उभं राहायला."

"बरं बाई, बरं," झान्नीस म्हणाला. "पंधरा तारीख मोकळी ठेवायला सांगतो जावयाला, बुकिंग तोच बघतो. झालं समाधान?"

तेरा ऑगस्टला झाबेता निघाली. आयुष्यभर बेटावर जाऊन येऊन शहाणी झालेल्या बाईला स्वस्त प्रवास शिकवायला अकरा युक्त्या लागत नाहीत. संथ बोटीचं डेकचं तिकीट, धुराड्यामागची सावलीतली जागा, चीज भरून घरी भाजलेल्या कणकेच्या घड्या, थर्मासात कॉफी. राहायची सोय शेजारच्या फ्लूराकडे. फ्लूरा चौऱ्याऐंशी वर्षांची, मारूसोची मैत्रीण, डोळ्यांनी अधू, जिभेने मुळीच नाही. तिने स्वयंपाकघरात खाट टाकून ठेवली होती.

"माझ्याकडे सूट-बिट नाही हं," फ्लूरा म्हणाली. "पुरा भाव. भांडी घासायची आणि रोज संध्याकाळी मला शिव्या ऐकवायच्या, झान्नीसच्या."

झाबेता हसली, पण पिशवी ठेवून लगेच आपल्या दाराशी गेली. तिच्या दोरीवर परक्या माणसांचे पोहायचे कपडे वाळत होते. दाराच्या चौकटीला साबणाच्या वडीएवढी काळी पेटी ठोकलेली, तिच्यावर आकड्यांची बटणं. आत किल्ली. मारूसोच्या हयातीत त्या दाराला कधी कुलूप लागलं नव्हतं. तिने कडी वाजवली. अर्ध्या चड्डीतला एक उंच, उन्हाने लाल झालेला माणूस बाहेर आला, हसला, आणि दोन हातांच्या बोटांनी खूण करून त्याने सांगितलं, पंधरा. पंधरा तारखेला दुपारी जाणार.

झाबेताने तिथेच उभं राहून फोन केला.

"झान्नीस, जत्रा कधी असते रे?"

"पंधराला. हा काय प्रश्न झाला?"

"आणि देवमाता घर कधी बदलते?"

पलीकडे कुणाचा तरी ग्लास खाली ठेवल्याचा आवाज आला. जत्रा म्हणायची पंधराची, पण आमच्याकडे सण आदल्या संध्याकाळी लागतो. चौदाला संध्याकाळची प्रार्थना, मग जेवण, मग तसबीर उचलायची आणि नव्या घरी न्यायची. पंधराच्या दुपारी सगळं आटोपून लोक आडवे झालेले असतात. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं.

"जावयाने पंधरा टाकलं गं कॅलेंडरमध्ये," झान्नीस म्हणाला. "तो अथेन्सचा. त्याला काय कळतंय? मी म्हटलं पंधराची जत्रा, त्याने पंधरा टाकलं."

"त्याला नाही कळत. तुला कळतं ना? की तूही अथेन्सचा झालास?"

"आता झालं ते झालं. त्या माणसांना मी एका रात्रीसाठी रस्त्यावर काढू का? नशीब म्हणायचं. उद्या माझ्याकडेच आणू, गाडी पाठवतो. संगमरवर तयार आहे."

ती चूक होती की लबाडी, हे देवमातेलाच ठाऊक. गल्लीचं मत विचाराल तर निम्मी गल्ली म्हणते चूक, निम्मी म्हणते लबाडी. फ्लूरा म्हणते, चूकच, पण सोयीची.

झाबेताच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. फ्लूराच्या घरात असलेलं एकूण एक भांडं तिने घासलं. फ्लूरा म्हणाली, "ते पितळेचं सोड गं, त्याचा मुलामा माझ्या लग्नातला आहे."

चौदाच्या संध्याकाळी चर्चमागच्या लांब दालनात माणसं खांद्याला खांदा लावून बसली. मावळता यजमान, आमचा बेकरीवाला कोसमास, भट्टीतून मडकी काढून काढून लाल झाला होता. रीतीप्रमाणे नवी यजमानीण वाढायला उभी राहते. झाबेता मडकं कमरेवर घेऊन बाकांमधून फिरत होती. हरभरे लोण्यासारखे शिजले होते, कांदा विरघळून गेला होता. लोक म्हणत होते, "झाबेता, पुढच्या वर्षी तुझ्या हातचे. मारूसोचा हात तुझ्यात आलाय का बघू." ती मान हलवत होती. डोळे मात्र समोरच्या टेबलाकडे होते. तिथे पाद्रीबाबा निकोदिमोस यांच्या शेजारी झान्नीस बसला होता आणि त्यांना फोनवर संगमरवराचे फोटो दाखवत होता. पाद्रीबाबा वाईट माणूस नाहीत. पण चर्चच्या घंटेचा नवा मनोरा झान्नीसने बांधून दिला आहे, आणि ज्याने मनोरा दिला त्याच्यासमोर माणूस जरा हळू आवाजात बोलतो.

तिसऱ्या बाकावर झाबेता थबकली. तो लाल झालेला उंच माणूस बसला होता, शेजारी त्याची बायको. संध्याकाळचा वारा सुटला म्हणून बायकोने खांद्यावरून एक चादर घेतली होती. पांढरी, निळ्या पट्ट्यांची, हातमागावर विणलेली, कोपऱ्यात लाल दोऱ्याने भरलेली खूण. झाबेताला ती खूण बघायची गरज नव्हती. त्या चादरीवर ती जन्मली होती.

बाईने हसून ताट पुढे केलं. झाबेतानेही हसून वाढलं. ग्रीकचं एक अक्षरही कळत नाही अशा माणसाला गोड आवाजात जे म्हणता येतं ते ती म्हणाली, "खा हं बाई, पोटभर खा. माझ्या पलंगावर झोपतेस, माझ्या आईची चादर पांघरतेस, आता माझ्या हातचं जेवलीस की घरची सूनच झालीस. सासूचा मार तेवढा बाकी राहिला."

शेजारी बसलेल्या फ्लूराला ठसका लागला. कोसमासने तिच्या पाठीत तीन थापा मारल्या. बाई म्हणाली, "थँक यू, थँक यू," आणि पिशवीतून तिने प्लास्टिकचा डबा काढला.

सातवी युक्ती.

झाबेताने डब्याकडे पाहिलं. नाही म्हणायचं नसतं. कुणालाच म्हणायचं नसतं, हीच तर रीत. तिने डबा काठोकाठ भरला. थोडे हरभरे टेबलावर सांडले, ते तिने बोटांनी उचलून स्वतःच्या तोंडात टाकले. या बाईवर रागावण्यात अर्थ नव्हता, हे तिला कळत होतं. हिला कुणीतरी सांगितलं, घर घे, चादर घे, डबा ने. सांगणारा समोरच्या टेबलावर बसला होता.

जेवणं झाली. पाद्रीबाबा उभे राहिले, चष्मा लावला, जुनी वही उघडली. मग वहीकडे न बघता म्हणाले, "या वर्षीची यजमानीण आपली झाबेता. आणि, अं, मला असं कळलंय की घराच्या बाबतीत कुटुंबाने आपापसात..."

"पाद्रीबाबा," झाबेता म्हणाली. तिच्या कमरेवर अजून मडकं होतं. "वहीत काय लिहिलंय?"

"ते एकोणतीस वर्षांपूर्वीचं आहे, बाई."

"वाचा ना."

दालनातली शंभर माणसं ऐकत होती. पाद्रीबाबांनी झान्नीसकडे पाहिलं, मग वहीकडे. वाचलं: "यजमानीण झाबेता, मारूसोच्या घरी."

"झालं तर," झाबेता म्हणाली आणि मडकं कोसमासच्या हातात दिलं.

चर्चच्या पायऱ्यांखाली झान्नीसची पांढरी गाडी दार उघडून उभी होती, आत एसी चालू. झाबेता तसबीर छातीशी धरून बाहेर आली. चांदीचा पत्रा लावलेली ती तसबीर दिसते त्यापेक्षा जड आहे. ती गाडीपाशी आली, गाडीला वळसा घातला आणि गल्लीत शिरली. घंटा वाजायला लागल्या. सगळं गाव तिच्या मागे. पंधरा दारांत पंधरा बायका धुपाटणं घेऊन उभ्या होत्या, कारण देवमाता दारावरून जाते तेव्हा तसं उभं राहायचं असतं. सोळावं दार बंद होतं. पाहुणे अजून चर्चपाशी, फोटो काढत. दाराशी फक्त ती काळी पेटी.

झान्नीस गर्दीतून वाट काढत पुढे आला. "ताई, ऐक. आत त्यांचं सामान आहे. पासपोर्ट आहेत. एवढे लोक आत शिरले तर ती माणसं काय लिहितील, कल्पना आहे का?"

"नंबर सांग."

"ताई, पाया पडतो तुझ्या."

"माझे हात भरलेत. नंबर सांग, फ्लूरा उघडेल."

झान्नीस तिच्या कानाशी वाकून पुटपुटला.

"मोठ्याने," झाबेता म्हणाली. "मी सदुसष्ट वर्षांची आहे. फ्लूरा चौऱ्याऐंशीची. आम्हाला असं ऐकू येत नाही."

"चार," झान्नीस म्हणाला. आजूबाजूला शंभर माणसं. "एक. एक. सात."

"काय म्हणाला?" फ्लूराने विचारलं.

"चार, एक, एक, सात!" झान्नीस ओरडला.

फ्लूराला आकडे दिसेनात. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं. मागून कुणीतरी म्हणालं, "चार, फ्लूरा." मग दुसरं कुणी, "एक." मग पंधरा दारांतल्या बायका आणि मागचे सगळे एका सुरात, प्रार्थनेत पाद्रीबाबांच्या ओळीमागे म्हणतात तसं, "एक. सात." पेटी उघडली. किल्ली फ्लूराच्या तळहातावर पडली.

आत गेल्यावर झाबेता कोनाड्यासमोर थांबली. "काढ ते."

झान्नीसने केस वाळवायचं यंत्र काढलं. ठेवायला जागा नव्हती, माणसं आत शिरत होती. मग तो ते हातात धरून भिंतीशी उभा राहिला. सगळं गाव रांगेने येऊन तसबिरीचं चुंबन घेऊन गेलं, आणि तेवढा वेळ तो तसाच उभा, हातात यंत्र, वायर गुडघ्यापर्यंत लोंबतेय.

सगळ्यात शेवटी ते दोघे पाहुणे आले. बाईच्या हातात डबा होता. झाबेता तिच्यापाशी गेली, तिच्या खांद्यांवरून चादर काढली, चौघडी घातली आणि तसबिरीखाली अंथरली. बाईने विरोध केला नाही. फ्लूराने तिच्या हातात मेणबत्ती दिली आणि तिने ती लावलीसुद्धा. रात्री ते दोघे तिथेच झोपले, त्यांनी पैसे भरले होते. झाबेता दाराशी खुर्ची टाकून बसली आणि दार उघडं राहिलं. नंतर त्यांनी इंटरनेटवर घराला पाचातला एक तारा दिला आणि लिहिलं, घर सुंदर आहे, पण पहाटेपासून म्हाताऱ्या बायका आत येत होत्या.

दुसऱ्या दिवशी झान्नीस आला तो दारातच उभा राहिला. "सप्टेंबर अख्खा भरलाय, ताई."

"रिकामा कर. दार वर्षभर उघडं राहायला हवं."

"आणि वर्षानंतर?"

"वर्षानंतर किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात असेल."

"मी छत केलं. आठ वर्षं चुना काढला."

"ते मी विसरले नाही. तू काय केलंस, त्यातलं मी काहीच विसरले नाही."

त्यानंतर दोघं बोलली नाहीत. लोक म्हणायचे, झाबेता जिंकली. ती चिडायची. "जिंकली काय? घर माझं, कोनाडा माझ्या आईचा. आपलंच घर आपल्याला मिळालं तर त्याला जिंकणं म्हणतात का तुमच्यात?" ती दहा दिवसांचे कपडे घेऊन आली होती. उरलेले असिमिनाने बोटीने पाठवले, बरोबर चिठ्ठी: इथली पातेली काळी पडली.

नोव्हेंबरात वारा सुटला. तीन दिवस बोट आली नाही, झान्नीसच्या हौदाला ताडपत्री लागली, गावात आम्ही तेवढे उरलो. एका संध्याकाळी झाबेता आत दिव्यात तेल घालत होती. पावलं वाजली ती तिने ओळखली. वळून न बघता तिला ठाऊक होतं, कोण आहे. दिवा लावायला कुणीही येऊ शकतं आणि कशाला आलास असं विचारायचं नसतं. तिने कॉफीचं भांडं विस्तवावर ठेवलं.

बाहेर झान्नीस थांबला होता. दार सताड उघडं, आतल्या दिव्याचा उजेड त्याच्या बुटांवर पडलेला, आणि तरी त्याचं बोट चौकटीवरच्या त्या काळ्या पेटीकडे गेलं. एक आकडा दाबला. दुसरा दाबला.

झाबेता बघत राहिली. राग आला, खूप आला, पण हात भांड्यांकडे गेला नाही.

"दार उघडं आहे, गाढवा," ती म्हणाली. "आपल्या आईचं घर आहे हे."